शंभर कोटी सात

मला त्या आकड्याची किळस होती. कंटाळा नाही, राग पण नाही. किळस. अंगावरून झुरळ गेलं की हात आपोआप झटकला जातो ना, तसं कुणी 'शंभर कोटी सात' म्हटलं की माझं व्हायचं. एकावर आठ शून्यं आणि शेवटी सात. बारावी करून कुडाळहून मावशीकडे लालबागला राहायला आलो, तेव्हा मला वाटलं होतं मुंबईत मी नाव काढणार. गावच्या शाळेत हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज मी काढायचो, आणि स्नेहसंमेलनात माझा नंबर आला की मागच्या बाकावरचे लोक उभे राहायचे. मुंबईतल्या पहिल्या दिवाळीला मला काय मिळालं, तर एक फुलस्केप वही.

त्या वहीबद्दल आधी सांगतो. काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, पान उलटताना अंगठा जिभेला लावायची सवय. एकेक पान शंभरदा उलटलेलं, त्यामुळे वहीचे उजवे कोपरे फुगून पिवळे पडलेले, पापड तेलात टाकल्यावर कडा वळतात तसे. काकांच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब घालायचे, ते गालावरून ओघळून वहीवर पडायचे, त्याचे वेगळे डाग. आणि वही ठेवायची कुठे, तर मावशीच्या सुक्या बोंबलांच्या डब्यावर, कारण त्या दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी कोरडी जागाच नव्हती. म्हणजे थुंकी, औषध आणि बोंबील. सकाळी उठून दात घासायच्या आधी मी ते पान चिमटीत धरून उघडायचो. आज माझी मुलगी तोंडात बोट घालून पुस्तक उलटते तेव्हा मी ओरडतो, आणि बायको म्हणते, एवढं काय त्यात.

काका गिरणीत घडी खात्यात होते. विणून आलेला कापडाचा तागा टेबलावरून सरकवायचा, वार वार करत बघायचं, कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय. डाग सापडला की काठाला खडूने खूण. "डाग असतो रे," काका सांगायचे, "कापड आहे, डाग असणारच. खूण केली की घेणाऱ्याला कळतं. खूण न करता पुढे सोडलास, तर ती चोरी." तागा शेवटपर्यंत बघून झाला की टोकाला सही आणि आपला बिल्ला नंबर. संप झाला त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक तागा अर्धा बघून राहिला होता. गिरणी परत उघडली नाही. तिथे आता काचेची बिल्डिंग आहे, खाली कॉफी मिळते. काका पुढे कुठे कुठे वॉचमनकी करत राहिले, पण तो अर्धा तागा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. जेवताना मध्येच म्हणायचे, "पुढच्या अर्ध्यात काय होतं कुणास ठाऊक." मावशी म्हणायची, "उंदीर होते. गप जेवा."

आकडा घरात आणला सुरेखाताईने, त्यांच्या मुलीने. ती कॉम्प्युटर शिकत होती. एकदा सहज बोलून गेली, की प्रोग्राम लिहिताना आमच्याकडे सगळे हा एक आकडा वापरतात, कारण तो मूळ संख्या आहे. एक सोडला आणि तो स्वतः सोडला तर कशानेही त्याला भाग जात नाही. काकांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"कुणी बघितलंय?"

"म्हणजे काय बाबा, सगळ्यांना माहिताय."

"सगळ्यांना माहिताय म्हणजे कुणी बघितलेलं नाय."

"मशीनने बघितलंय. पापणी लवायच्या आत सांगतं ते."

"मग त्याला बोलव इकडे. सही कर म्हणावं."

झालं. शंभर कोटी सात हा काकांचा तागा झाला.

काम डोकं फिरवणारं असलं तरी पद्धत सोपी होती. सगळ्या आकड्यांनी भागायची गरज नाही, फक्त मूळ संख्यांनी. दोनने भाग गेला नाही तर चारने कशाला जाईल? म्हणून काकांनी आधी मूळ संख्यांची यादी केली, तांदूळ निवडावेत तशी, एकेकाचे पाढे चालवत आणि खोडत. मग भागाकार सुरू. वहीत तीन रकाने: भाजक, भाग, बाकी. बाकी शून्य आली की संपलं, तागा डागी. शून्य कधी आली नाही. तीनने भागा, बाकी दोन. सातने भागा, सहा. अकराने, सहा. तेराने, सहा. सतराने चौदा, आणि एकोणीसने परत सहा. "हे चौघे एका घरचे दिसतात," काका म्हणायचे, आणि खरंच होते, त्या आकड्यातून सहा काढले तर चौघांनीही भाग जातो. एवढंच नाही, शेजारचा शंभर कोटी नऊ पण मूळच. जोडमूळ, शाळेत शिकवतात ते. हे ताईने सांगितलं त्या दिवशी मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्या बघ चेडवा, एकच पुरो. जुळो नको काढू माझ्या घरात."

पंधरा हजाराच्या जवळ काकांनी एकट्याने आणलं. मग काचबिंदू वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, गेली तेवढी नजर गेली, उरलेली थेंबांवर सांभाळा. दिवाळीपर्यंत काकांना वहीतल्या रेघा दिसेनाशा झाल्या. त्याच सुमाराला काकांना शोध लागला, की आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी तिसापर्यंत पाढे छडी घेऊन पाठ करून घेतले होते. घरातला कॅल्क्युलेटर आठ आकडी, त्यात हा दहा आकडी मावायचाच नाही, आणि मावला असता तरी काकांनी वापरू दिला नसता. काका म्हणाले, "मिठू, सकाळी चहाच्या आधी दहा भागाकार. माझे डोळे तू." मला मिठू म्हणायचे, पोपटासारखा बोलतो म्हणून. मी म्हटलं, हो. दोन वेळचं जेवण, झोपायला खाटेखालची जागा, नाही कसं म्हणणार?

चार दिवस खरे केले, त्यात पंधरा हजार पुरे झाले. पाचव्या दिवशी संडासच्या लायनीत उभा होतो, हातात बादली, पुढे तीन माणसं, आणि मागून काकांचा आवाज, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा: "कालच्या दहाव्याची बाकी किती रे आली?" पुढचे तिघे हसले. सकाळच्या त्या वासात, पोटात कळ येत असताना, मला भाजक आठवायचा होता. त्या क्षणी माझ्या मनातून ते काम उतरलं. त्याच सकाळपासून मी आकडे ठोकायला लागलो. भाजक यादीतला खरा, भाग आणि बाकी माझ्या मनाची. दहा भागाकार तीन मिनिटांत. बाकीचा वेळ पेन्सिल कागदावर खरखरवत बसायचो, मध्येच तोंडाने पुटपुटायचो, 'हातचे सहा'. भागाकार करणाऱ्या माणसाची नक्कल मी इतकी बेमालूम करायचो की काका समाधानाने मान हलवायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आकडा मूळ आहे हे जगाला माहीत. शून्य येणारच नाही, मग दुसरं काय येतं त्याने कुणाचं काय बिघडतं?

सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. संध्याकाळी अंगणात स्टेज, आधी लहान मुलांचे नाच, मग तीर्थप्रसाद, मग ज्याला जे येतं ते. मी मावशीचा ओला टॉवेल खांद्यावर टाकून चढलो. आधी चाळीचे सेक्रेटरी काढले, मग मासेवाली, मग चाळीतल्या लाऊडस्पीकरवाल्याचं हॅलो हॅलो. लोक हसून हसून शिऱ्याचे द्रोण सांडत होते. मग माझी मस्ती वाढली. मी डोळे बारीक केले, अंगठा जिभेला लावला, हवेतलं पान उलटलं, आणि काकांच्या आवाजात सुरू केलं: "भाजक पंधरा हजार तेरा. भाग सहासष्ट हजार पाचशे अठ्ठेचाळीस. बाकी नऊशे एक. नाय जात. मिठू, नाय जात रे." अंगण हशाने फुटलं. ती ओळ वहीतलीच होती, मीच ठोकलेली, सुरुवातीची म्हणून पाठ राहिली होती. काका पहिल्या रांगेत खुर्चीवर. ते पण हसत होते, आवाजाच्या दिशेने मान वर करून. मग मी बघितलं की त्यांचे ओठ हलतायत. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं.

काकांचा एक ताळा होता, मला माहीत नव्हता. भाजकाचा शेवटचा आकडा, गुणिले भागाचा शेवटचा, अधिक बाकीचा शेवटचा. उत्तराच्या टोकाला सात यायलाच हवा, कारण आकडाच सातावर संपतो. तीन आठे चोवीस, चोवीस आणि एक पंचवीस. टोकाला पाच.

सकाळी चहाच्या आधी त्यांनी वही माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचायला लागलो. प्रत्येक ओळीनंतर ते एवढंच म्हणायचे, "पुढचं." मावशीने स्टो बंद केला. ताई केस विंचरत होती, तिचा हात थांबला. दहा ओळी, वीस, पन्नास. काही ओळींना नशिबाने सात यायचा, तेव्हा ते क्षणभर थांबायचे, जणू मला अजून एक संधी देतायत. मी एकाही ओळीला 'ही खरी' म्हणू शकलो नाही. शेवटी त्यांनी शर्टाच्या खिशातून खडू काढला. गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी खिशात खडू असायचा. पान चाचपडत त्यांनी समासात रेघ मारली, मग पुढच्या पानावर, मग त्याच्या पुढच्या. दिवाळी ते सव्वीस जानेवारी, पान न पान.

"पण काका, आकडा मूळच आहे," मी म्हटलं. "माझ्यामुळे त्याला काय झालं?"

"आकड्याला काय होणार? तो होता तसाच आहे." त्यांनी खडू परत खिशात ठेवला. "मी तुला कापड कसं आहे ते विचारलं नव्हतं, मिठू. तू बघितलंस का ते विचारलं होतं."

ताई माझ्याकडे बघत पण नव्हती. मावशीने चहा दिला तो माझ्यासमोर आपटून, अर्धा बशीत. "माझ्या घोवाक डोळे नाय म्हणान गंमत केलंस," ती म्हणाली.  त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. भायखळ्यापर्यंत चालत गेलो, भाजीबाजारात कुजक्या कोबीच्या ढिगाशेजारी उभा राहिलो, आणि संध्याकाळी परत चालत आलो.

दुसऱ्या सकाळी मी पहिल्या ठोकलेल्या ओळीपासून सुरू केलं. पंधरा हजार तेरा. भाग सहासष्ट हजार सहाशे आठ, बाकी चौदा हजार एकशे तीन. आता मोठ्याने करायचं, आणि काका ओळ संपली की बोटाने सतरंजीवर टक करायचे: सात आला. टक नाही झालं की परत. रोज दहा, फेब्रुवारी, मार्च, परीक्षा, मे महिन्याचा घाम. किळस गेली नाही, हे पण सांगतो. उलट आता पानांवर थुंकीच्या जोडीला खडूची पूड होती, ती बोटांना लागायची, त्याच बोटांनी मी चहाचा कप धरायचो. मी सुधारलो वगैरे असं काही झालं नाही. मला फक्त परत त्या खोलीत मान वर करून जेवायचं होतं.

कुठे थांबायचं ह्यावरून मात्र भांडण होतं. ताई म्हणत होती, एकतीस हजार सहाशे बावीसच्या पुढे बघायची गरजच नाही, वर्गमूळ संपलं की संपलं. काका म्हणायचे, "अर्धा तागा बघून सही? परत?" ताईने वहीवर हात आपटून आपटून समजावलं, की पुढच्या एखाद्या मोठ्याने भाग जात असेल तर त्याचा जोडीदार लहान असणार, आणि लहान सगळे बघून झालेत. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघितल्याशिवाय नाय." मला धडकी. पुढचे आकडे संपायचे कधी?

आता जूनमधली एक सकाळ. नऊ भागाकार झालेले, दहावा राहिलेला. भाजक सत्तावीस हजार एकशे सत्तावीस. दादरला आवाजांची स्पर्धा होती, कॉलेजचा मित्र खाली उभा राहून शिट्ट्या मारत होता, आणि उशीर झाला तर माझं नाव काढून टाकणार होते. ताळा तर आता मला माहीत होता. सात एके सात, बाकीच्या शेवटी शून्य ठेवलं की झालं. मी मोठ्याने म्हटलं, "भाग छत्तीस हजार आठशे एक्केचाळीस, बाकी आठ हजार दोनशे दहा." काकांचं बोट सतरंजीवर वाजलं. टक. मी चप्पल घालून पळालो. स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं.

नंतर करू म्हटलं. रोज म्हटलं. त्याच्यावर ओळी चढत गेल्या.

गणपतीच्या थोडं आधी एकतीस हजार सहाशे सात आला. भाग एकतीस हजार सहाशे अडतीस, बाकी सतरा हजार सातशे एक्केचाळीस. टक. काका म्हणाले, "अजून एक घे." एकतीस हजार सहाशे सत्तावीस. भाग एकतीस हजार सहाशे अठरा. मी बाकी सांगायला तोंड उघडलं तर काकांनी हात वर केला.

"थांब. भाग भाजकापेक्षा लहान झाला?"

"हो."

"आतापर्यंत मोठा होता."

"हो. आता पुढे लहानच होत जाणार."

 काकांनी दोन्ही हात समोर धरले आणि एक हात दुसऱ्यावर आणून ठेवला, तळव्यावर तळवा, कापड दुमडावं तसा. "घडी पडली," ते म्हणाले. "काठावर काठ आला. हा पुढचा अर्धा म्हणजे आपण बघितलेलाच, उलट्या बाजूने." ताईला वर्षभर जे जमलं नव्हतं ते त्यांच्या हातांना एका क्षणात कळलं. "हे सांगायचं होतंस ना सुरेखा. हे वर्गमूळ वर्गमूळ काय लावलं होतंस?" ताई रडत होती आणि हसत होती. मी बाकी सांगितली. टक. मग काका माझ्याकडे वळले, म्हणजे मी जिथे आहे असं त्यांना वाटत होतं तिकडे.

"मिठू. सगळं बघितलंस?"

मला हजार आवाज येतात. त्या वेळी मी माझाच आवाज वापरला आणि तो सगळ्यात खोटा निघाला. "बघितलं," मी म्हटलं. ताईने त्यांचा हात धरून पानाच्या शेवटी नेला, आणि त्यांनी सही केली, खाली बिल्ला नंबर. मावशीने साखर वाटली, अख्ख्या मजल्याला. लोक विचारत होते, कसली? ती सांगत होती, "ह्यांचो तागो पुरो झालो."

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी आवाजांवरच पोट भरतो, कार्टूनमधली माकडं, जाहिरातीतले आजोबा. चाळ पाडून टॉवर झाला, मावशी आणि ताई सतराव्या मजल्यावर राहायला गेल्या. गेल्या महिन्यात ताईने वही माझ्याकडे दिली. "तुझ्या घराजवळ दादरला चांगला फ्रेमवाला आहे ना? शेवटचं पान फ्रेम करून आण. बाबांची सही हॉलमध्ये लावायचीय." वही घरी आणली. कोपरे तसेच पिवळे. मी जूनमधल्या त्या दहाव्या भागाकाराचं पान काढलं, मुलीची पेन्सिल घेतली आणि सत्तावीस हजार एकशे सत्तावीसने भागलं. दहा मिनिटं लागली. भाग छत्तीस हजार आठशे त्रेसष्ट, बाकी सतरा हजार चारशे सहा. दहा मिनिटांचं काम होतं. खरा आकडा वर लिहिणार होतो, पण वहीच्या शेवटी सही होती. सही झाल्यावर तागा रफू करत नाहीत. मुलीच्या फळ्याजवळचा खडू घेतला आणि समासात रेघ मारली.

वही परत घेऊन गेलो. ताईने चाळताना ते पान बघितलं. "ही रेघ कसली? बाबांच्या तर आधीच्या पानांवर आहेत."

मी सांगितलं. शिट्टी, स्पर्धा, शेवटचं शून्य, सगळं.

"बाबांना कळलं होतं?"

"नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं."

"शी," ताई म्हणाली. एवढंच. पाल बघितल्यावर म्हणतात तसं, हळू. मग ती उठून खिडकीशी गेली, आणि तिकडूनच म्हणाली, "शेवटचं पान नको. हे फ्रेम कर."

ते आता त्यांच्या हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर. आकड्यांच्या ओळी आणि मध्ये एक पांढरी रेघ, काचेखाली, म्हणून पुसली जात नाही. पाहुणे विचारतात हे काय. मावशी म्हणते, "आमच्या ह्यांचा गणित." आणि रेघ कसली म्हणून विचारलं की ताई चहा ओतता ओतता माझ्याकडे बोट करते.